कल्याणापर्यंतचें बळ

आमचें कोन गांव कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, उल्हास नदीच्या खाडीच्या पलतीरीं आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग ता. १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचला. तेथून पुढें एक फांटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे जातो. आरंभींच्या इंजिनांच्या बळाची मर्यादा हें स्थान पाहिलें म्हणजे नीट ध्यानांत येते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें लँकेशायरांतील व्हल्कन फाउंड्रीकडून प्रथम आठ इंजिनें आणविलीं. प्रत्येकास पुढें दोन लहान चाकें व त्यामागें दांड्यांनीं परस्परांस जोडलेलीं चार मोठीं चाकें असत. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या १४ डब्यांच्या गाडीस यांतील तीन जोडलीं होतीं. साहेब, सिंध व सुलतान हीं त्यांचीं नांवें परंपरेनें सांगतात. उरलेल्या पांचांचें नांव कोणी घेत नाहीं.

हीं इंजिनें मध्यम बळाचीं होतीं. 'मध्यम' हा शब्द आम्हीं दोषदर्शक योजिलेला नाहीं. सपाटीस तेवढें बळ पुरेसें होतें. घाटाची गोष्ट निराळी. बोरघाटाचा तीव्रतम चढ ३७ फुटांस १ फूट आहे. गणित केलें असतां एक टन, म्हणजे २२४० पौंड, वजनामागें केवळ चढामुळें सुमारें ६० पौंडांची ओढ अधिक लागते. शिवाय इंजिनाचें जें वजन पुढील लहान चाकांवर पडतें, तें रुळावरील पकडीस उपयोगी पडत नाहीं. म्हणून घाटासाठीं शार्प स्टुअर्ट कंपनीचीं सहा जोडचाकांचीं इंजिनें आलीं. त्यांची पाण्याची टांकी बाष्पपात्रावरच बसविलेली असे; उतरतांना रुळांवर दाबावयाचे घसरब्रेकही त्यांस होते.

परंतु हीं इंजिनें देखील मूळचा डोंगर चढूं शकलीं नसतीं. त्यांस झेपेल असा चढ साधण्यासाठीं १८५६ पासून १८६३ पर्यंत २५ बोगदे खोदावे लागले. तें काम सुरुंग, पहार व टोपली यांनीं झालें, आणि त्यांत हजारों मजूर पटकी, ताप व अपघात यांनीं मेले.

तात्पर्य, यंत्राच्या शक्तींत जें उणें होतें, तें मनुष्यांनीं आपल्या देहांनीं भरून काढलें. तीन इंजिनांचीं नांवें परंपरेनें राखिलीं. त्या मजुरांचीं राखिलीं नाहींत. लोहमार्गाचा इतिहास लिहितांना ही बाकी जमेस धरलीच पाहिजे, असें आमचें मत आहे.