सशाचा डोळा

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या बाजारात उतरू लागली, की आमच्या शाळेतल्या मुलांचा एक पिढीजात उद्योग सुरू होतो. संत्रे सोलावयाचे, सालीचा तुकडा बोटांत दुमडावयाचा आणि शेजारच्या बाकावरील मित्राच्या डोळ्यासमोर नेऊन चिमटावयाचा. मग तो मित्र एक डोळा गच्च मिटून आमच्यासमोर उभा राहतो : "सर, यानं माझ्या डोळ्यात ॲसिड उडवलं ना जी!" वास्तविक सालीतून उडते ते आम्ल नव्हे, तेल. आम्ल असते ते फोडींच्या रसात. परंतु हा भेद त्या वेळी त्या मुलाला सांगण्यात अर्थ नसतो. डोळा चुरचुरतो आहे, एवढेच त्याचे शास्त्र.

मी भाषेचा मास्तर. माझी स्वतःची विद्या मॅट्रिकपाशी थांबलेली, आणि रसायनशास्त्राशी माझा संबंध कथा-कादंबरीत एखाद्या पात्राला विष पाजण्यापुरताच. तरीही गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. अमुक एक द्रव्य डोळ्यात गेले तर नुसते चुरचुरेल, की डोळाच जाईल, हे माणसाने ठरविले कसे? कोणाच्या डोळ्यावर ठरविले?

प्रश्न मागे लागण्याचे कारण घरचेच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील आमचे परिचर मोठ्या बरणीतून लहान बाटलीत आम्ल ओतीत होते. शास्त्राचे शिक्षक त्या दिवशी रजेवर. थेंब उडाला तो डाव्या डोळ्यात. आरडाओरडा ऐकून मी धावलो. कोणी म्हणे दूध घाला, कोणी म्हणे तूप, एका बाईंनी गुलाबपाण्याची बाटली पुढे केली. नववीतला एक मुलगा मात्र पुस्तकात वाचलेले ओरडून सांगू लागला, "नळाखाली धरा, भाऊंना नळाखाली धरा!" आम्ही त्यांना नळाखाली धरले आणि वीस मिनिटे सोडले नाही. त्या पोराच्या पाठांतराने एका माणसाचा डोळा वाचला. पुढे डॉक्टरांनी आम्हांला दोनच प्रश्न विचारले : आम्ल कोणते, आणि किती तीव्र? त्यांचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. बाटलीवरची चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती.

आम्ल डोळ्यावर करते तरी काय? उकळत्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, तसेच काहीसे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे होते. त्यातील प्रथिने साकळतात. गंमत अशी, की साकळलेला हा थर पुष्कळदा पुढच्या आम्लाची वाट अडवितो. चुन्याचे तसे नाही. अल्कली पेशींतील स्निग्धांशाचा साबण करीत आत आत शिरते, आणि वरून डोळा बरा दिसत असताना आत नासाडी चालूच राहते. आमच्या नागपुरात खर्रा घोटणाऱ्यांच्या खिशात चुन्याची पुडी असते. ती पुडी दाबून फोडताना लहान मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याची प्रकरणे भारतातील नेत्रवैद्यांनी वारंवार नोंदविली आहेत. तेजाबाला भिणारा माणूस चुन्याला भीत नाही, ही आपली एक घातक समजूत होय. पण म्हणून आम्लाला सौम्य मानण्याचेही कारण नाही. तीव्र गंधकाम्ल पाण्याशी भेटताच उष्णता फेकते आणि डोळा रसायनाने व आगीने असा दुहेरी जळतो. काच कोरणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल तर साकळण्याचा नियमच जुमानीत नाही, ते आतवर उतरते.

पूर्वी हे ज्ञान अपघातातून मिळे. इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा कस पाहणारा, दागिने उजळणारा कारागीर शोऱ्याच्या आम्लावर वाकताना मान जरा बाजूला कलती ठेवतो. ती मान कोणत्याही ग्रंथाने शिकविलेली नाही. बापाने मुलाला, उस्तादाने शागिर्दाला कानाखाली वाजवून शिकविली आहे. पुढे आम्लता मोजण्याची पट्टी आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सोरेनसेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली पीएच ही कल्पना मांडली. आमच्या पाठ्यपुस्तकांत तिला सामू म्हणतात. सातावर उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. अश्रूंचा सामू सातच्या किंचित वर असतो. वाटले, प्रश्न सुटला. पण सामू सांगतो ती खिशातील रक्कम. पेटीत किती आहे ते तो सांगत नाही. अगदी विरल केलेले मिठाचे आम्ल आणि सायट्रिक आम्लाचे दाट द्रावण यांचा सामू सारखा असू शकेल. पहिल्याचा थेंब अश्रू चटकन् निकामी करतील. दुसरे मात्र पेटीतून काढकाढून खर्च करीत राहील. या साठ्यालाही मोजले पाहिजे हे शास्त्राने उशिरा मान्य केले.

तोवर गोष्ट सशापाशी येऊन पोहोचली होती. तिचा आरंभ सौंदर्याच्या हौसेत आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगविण्याचा एक रंग विकला जाई. तो आम्ल नव्हता, एक तीव्र रंजकद्रव्य होते. त्याने काही स्त्रियांचे डोळे सुजले, एकीची दृष्टी कायमची गेली, एक तर दगावली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याला सौंदर्यप्रसाधनांवर हातच घालता येत नव्हता. ही आणि अशीच इतर प्रकरणे लोकांपुढे आली, आणि १९३८ साली अन्न, औषधे व प्रसाधने यांचा नवा कायदा झाला. आता माल बाजारात जाण्यापूर्वी तो निरुपद्रवी आहे की नाही हे कोणीतरी सांगावयास हवे होते. कायदा झाला, मोजमाप नव्हते.

ते मोजमाप दोन ठिकाणांहून आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्रीडेनवाल्ड नावाचे नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी बुबुळाचा पडदा किती आम्ल व किती अल्कली सोसतो हे युद्धकाळात तपासत होते. त्यांचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला, आणि आम्लाने भाजलेल्या डोळ्यांवरचा दुसरा १९४६ साली. याच १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी दोघा सहकाऱ्यांसह अशा दुखापतींना गुण देण्याची एक पद्धती छापली. पुढची कित्येक दशके जगभर चाललेली 'ड्रेझ चाचणी' ती हीच.

पद्धती वर्णन करावयास सोपी आहे. पांढरा, लाल डोळ्यांचा ससा घ्यावयाचा. खालची पापणी ओढून तिचा द्रोण करावयाचा, त्यात द्रव्याचा दशांश मिलिलिटर थेंब सोडावयाचा, क्षणभर पापण्या मिटून धरावयाच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा. मग एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस, आणि गरज पडल्यास पुढेही, पाहत राहावयाचे. एकूण गुण ११०. त्यांपैकी ८० बुबुळाच्या पडद्याच्या धुरकटपणाला, १० आतल्या कनीनिकेला आणि २० पापणीच्या आतील लाली, सूज व स्राव यांना. परीक्षेचे पेपर तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्या माझ्यासारख्याला ही गुणपत्रिका वाचताना अंगावर काटा आला. येथे सर्वांत अधिक गुण मिळविणारा सर्वांत अधिक आंधळा.

ड्रेझ यांना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. त्यांच्यासमोर 'लॅश ल्यूर'ने आंधळी झालेली बाई होती. कोणाचा तरी डोळा पणाला लागणारच असेल तर तो ग्राहकाचा नको, इतका साधा त्यांचा हिशेब होता. दोष पुढच्यांचा अधिक. ज्या आम्लाचा सामू मोजताच निकाल कळतो, तेही सशाच्या डोळ्यात घालून पाहण्याची रूढी पडली. कारण नियमात तसे लिहिले होते, आणि नियमात लिहिलेले कारकून आणि शास्त्रज्ञ दोघेही सारख्याच निष्ठेने पाळतात.

शिवाय मोजपट्टी तरी सरळ होती का? सशाला तिसरी पापणी असते, त्याच्या बुबुळाचा पडदा आपल्यापेक्षा पातळ असतो, तो पापण्या फार क्वचित मिटतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीही कमी येते. म्हणजे रडण्याच्या बाबतीतही बिचारा आपल्याहून दुर्बळ. आणि गुण देणारा माणूस! १९७१ साली वाइल आणि स्काला या दोघांनी तीच द्रव्ये अनेक प्रयोगशाळांकडे पाठवून निकाल पडताळले. एका ठिकाणी जे द्रव्य डोळ्याला फारसे बाधत नव्हते तेच दुसरीकडे तीव्र दाहक ठरले. बोर्डाच्या परीक्षेतील फेरतपासणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

या चाचणीला खरा धक्का दिला तो एका शाळामास्तराने. हेन्री स्पायरा हा न्यूयॉर्कमध्ये हायस्कुलात शिकवी. त्यापूर्वी तो जहाजावर खलाशी होता. त्याने १५ एप्रिल १९८० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली आणि रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला भर चौकात एकच प्रश्न केला, की सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळे करता? मला त्याचे पुढचे वागणे अधिक भावते. त्याने कंपनी बंद करा असे म्हटले नाही. दुसरी पद्धत शोधायला पैसे द्या, म्हणाला. त्याच वर्षी कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देऊ केले. १९८१ साली प्रसाधन-व्यवसायाच्या पैशातून प्राण्यांवाचून चाचण्या शोधणारे एक केंद्र उभे राहिले, तेही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातच, जेथे फ्रीडेनवाल्ड यांनी आम्लाचे थेंब मोजले होते.

त्यानंतरची वाटचाल संथ आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ साली सशाच्या चाचणीला आंतरराष्ट्रीय रूप दिले होते. पुढे तिनेच सांगितले, की सामू २ वा त्याहून कमी अथवा ११.५ वा त्याहून अधिक असेल तर, साठ्याचाही विचार करून, ते द्रव्य डोळ्याला घातक धरावे, सशाकडे जाऊ नये. २००९ साली कत्तलखान्यातून आलेल्या गुरांच्या आणि कोंबड्यांच्या डोळ्यांवर करावयाच्या चाचण्या मान्य झाल्या. गुराच्या बुबुळाचा पडदा पकडीत बसवितात, त्यावर द्रव्य घालतात आणि पलीकडे उजेड किती पोहोचतो ते यंत्राने मोजतात. माणसाच्या नजरेने गुण देणे येथे संपले. २०१२ साली, जेथे ससा वापरावाच लागेल तेथे त्याला आधी बधिर करण्याची आणि वेदनाशामक देण्याची शिफारस आली. १९४४ पासून २०१२ पर्यंत! २०१५ साली मानवी पेशींपासून वाढविलेल्या पातळ ऊतीवरील चाचणी मान्य झाली. तीत साठ टक्के वा त्याहून कमी पेशी जगल्या तर द्रव्य निर्दोष म्हणता येत नाही.

आपल्याकडे प्राणिक्लेश प्रतिबंधाचा कायदा १९६० साली झाला. त्याचा पाठपुरावा राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी केला होता. नृत्यांगना म्हणून त्यांना ओळखणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते. पण त्या कायद्यानेही ज्ञानासाठी केलेले प्रयोग वगळले होते. २०१३ साली भारतीय मानक ब्यूरोच्या समितीने प्रसाधनांच्या मानकातून प्राण्यांवरील चाचण्या काढण्याचा निर्णय घेतला, मे २०१४ मध्ये अशा चाचण्यांवर बंदी आली आणि नोव्हेंबरात तशा चाचण्या झालेल्या मालाच्या आयातीवरही. हे चांगले झाले. परंतु ही बंदी प्रसाधनांपुरती आहे. गुसलखाना धुण्याचे आम्ल, कारखान्यातील द्रव्ये, शेतातील औषधे तिच्या बाहेर आहेत.

आणि शेतातील औषधांचे नाव निघाले की विदर्भातल्या माणसाला २०१७ चे यवतमाळ आठवते. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो इस्पितळात गेले, आणि त्यांतील कित्येकांची नजर अंधुक झाली होती. ती आम्ले नव्हती, हे खरे. पण डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते द्रव्य पोटात गेल्यास वा कातडीतून भिनल्यास किती मारक, यावरून. डोळ्याचा त्या रंगांत हिशेबच नाही. वाऱ्याच्या तोंडी उभ्या असलेल्या फवारणाऱ्याचा तर पहिला डोळाच उघडा असतो.

आम्लाच्या बाटलीवर जी जागतिक खूण छापतात तीही मी निरखून पाहिली. दोन नळ्यांतून थेंब पडत आहेत, एक थेंब हातावर, एक धातूच्या पट्टीवर, आणि दोन्ही झिजत आहेत. डोळा तेथेही नाही. डोळ्याचा धोका त्याच खुणेत समाविष्ट आहे असे जाणकार सांगतात, आणि खाली बारीक अक्षरांत ते वाक्यही असते. आमच्या परिचरांना बारीक अक्षरे पूर्वीही वाचता येत नसत.

अर्थात चिठ्ठी असेल तर! नागपुरात काय, गावोगाव, संडास धुण्याचे आम्ल अजूनही पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून दिलेले मी पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी, आम्ल फेकून जाळलेल्या एका तरुणीच्या याचिकेवर आदेश दिले : विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, अठराच्या आतील कोणाला आम्ल विकू नये. त्याच आदेशात शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठीही कलमे आहेत. वापराची वही ठेवावी, एका व्यक्तीला जबाबदार धरावे, आणि बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी करावी.

आमच्या शाळेत ती जबाबदार व्यक्ती मी आहे. शास्त्राच्या शिक्षकांनी वही माझ्या हाती दिली, कारण माझे अक्षर चांगले. गेल्या महिन्यात मी परिचरांना बसवून प्रत्येक बाटलीवर नवी चिठ्ठी लावून घेतली : नाव, तीव्रता, तारीख. नावे मोठ्या अक्षरांत. त्यांनी एकेक बाटली उजव्या डोळ्याजवळ नेऊन वाचून दाखविली. डाव्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला एक फिकट ठिपका राहिला आहे, त्या बाजूने त्यांना धुके दिसते असे ते म्हणतात. एका बाटलीत काय आहे ते मात्र आम्हां दोघांनाही, शास्त्राच्या शिक्षकांनाही, सांगता आले नाही. निळा लिटमस बुडविला तर तो तांबडा झाला. तेवढेच लिहून ती बाटली वेगळी ठेवली आहे. वहीत तिच्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.