गावाबाहेरची डोंबी

आज आपण एका जुन्या प्रश्नाकडे वळू. स्त्री-पुरुषाचं प्रेम, अगदी शरीरसुख धरून, मुक्तीची वाट होऊ शकतं का? आणि होत असेल, तर ती वाट नेमकी कुणासाठी?

१९०७ साली हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळच्या दरबार ग्रंथालयात ताडपत्रांची एक पोथी सापडली. १९१६ मध्ये बंगीय साहित्य परिषदेनं ती छापली. हीच चर्यापदं. मूळ पदं ५०. हाती आली ती ४६ आणि एक अर्धवट. रचणारे पूर्व भारतातले बौद्ध सिद्ध. सर्वाधिक पदं कान्हपाची. आपल्याकडचे मढीचे कानिफनाथ ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात.

या कान्हपाच्या पदांत एक डोंबी भेटते. डोंब म्हणजे कोण, हे हरिश्चंद्राच्या गोष्टीमुळे आपल्याला ठाऊक आहेच. तिची झोपडी गावाबाहेर आहे, ती टोपल्या विकते, आणि कवी तिच्याशी लग्न करायला निघतो. यामागचा विचार असा : प्रज्ञा ही स्त्री, करुणामय उपाय हा पुरुष, दोघांच्या मिलनातून महासुख. देह टाकायचा नाही, देहातूनच जायचं. आणि सोवळ्याचा अभिमान गळावा म्हणून जोडीदार निवडायची ती समाजानं सगळ्यात खाली ढकललेली. हे बंड होतं, यात शंका नाही.

पण बरं का, याच पोथीत मुनिदत्ताची संस्कृत टीकाही आहे. तो सांगतो, डोंबी म्हणजे नैरात्म्य. का? तर इंद्रियांना तिला स्पर्श करता येत नाही म्हणून! म्हणजे समाजानं लादलेली अस्पृश्यता इथे तत्त्वज्ञानातला अलंकार झाली. झोपडी मात्र गावाबाहेरच राहिली. डोंबीपा नावाचा एक सिद्धही आहे. पण परंपरा सांगते की तो राजा होता, एका हीन मानलेल्या जातीतल्या मुलीसाठी राज्य सोडून गेलेला. नाव तिच्या जातीचं, पद त्याचं. ती स्वतः काय म्हणाली असती, ते पोथीत नाही.

याच पूर्व भारतात १२व्या शतकात जयदेवाचं ‘गीतगोविंद’ आलं. इथे मिलनाइतकाच विरह मोठा. राधा रुसते आणि साक्षात कृष्ण तिच्या पायाशी नमतो. १४९९ च्या पुरीच्या शिलालेखात प्रतापरुद्रदेवानं आज्ञा दिली, की जगन्नाथापुढे दुसरं काही नको, ‘गीतगोविंद’च गायलं जावं. शृंगार थेट गाभाऱ्यापर्यंत पोचला. तरी राधेच्या तोंडचे शब्द जयदेवाचेच, हे आपण विसरू नये.

स्त्री स्वतः बोलू लागली की सूर बदलतो. त्याच १२व्या शतकात कन्नडमध्ये अक्कमहादेवीनं चेन्नमल्लिकार्जुनालाच पती मानलं आणि लौकिक संसार नाकारला. तिच्यासाठी प्रेम हा केवळ साधनेचा मार्ग नव्हता, घर सोडण्याचा हक्कही होता.

आणि आपल्याकडे १४व्या शतकात सोयराबाई. चोखोबांची पत्नी, गावकुसाबाहेर राहणारी. तिनं शृंगार लिहिला नाही. तिनं देहाबद्दलच विचारलं. ज्या विटाळातून प्रत्येक देह घडतो, तो विटाळ असेल तर सोवळा कोण?

आम्हांला वाटतं, कान्हपाच्या डोंबीला बोलू दिलं असतं, तर तिनंही कदाचित हेच विचारलं असतं. देहाला मुक्तीची वाट म्हणणं हे मोठं धाडस, ते सिद्धांनी केलं. पण त्या वाटेवर दोघं चालत होती. म्हणून यापुढे असं कुठलंही पद वाचताना आपण एवढं नक्की विचारू या : बोलतंय कोण, आणि गप्प कोण आहे?