सलाईनची बाटली आणि भाकरी

बारामती-इंदापूरकडच्या दवाखान्यात घटकाभर बसले, की एक वाक्य हमखास कानावर पडते : "डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक सलाईन लावा." बाटली लागली, की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पोटात घास नसला तरी शिरेतून अन्न चालले आहे, अशी सर्वांची समजूत असते. ती कितपत खरी, आणि तोंडाने घास घेऊ न शकणाऱ्या माणसाला शिरेतून खरोखर जेवू घालण्याची विद्या कशी सिद्ध झाली, हे आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत.

प्रथम हिशेब पाहू. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिचे उष्मांक सुमारे ८५. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुपटीहून अधिक उष्मांक असतात. अंथरुणावरच्या माणसाला दिवसाला दीड हजार उष्मांक लागतात असे धरले, तर अशा सतरा-अठरा बाटल्या, म्हणजे जवळजवळ नऊ लिटर पाणी, त्याच्या शिरेत ओतावे लागेल. ते कोणाला सोसणार? आणि नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर उष्मांक मुळीच नसतात.

मग ही बाटली आली कोठून? ती आली पटकीच्या साथीतून. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीला जाते. इंग्रजी अमदानीत पंढरपूरच्या यात्रेत पटकी वारंवार उद्भवे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. या रोगात अंगातले पाणी व क्षार काही तासांतच निघून जातात. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये इंग्लंडात रोग्यांचे रक्त तपासून हे दाखविले. लगेच १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा यांनी क्षारयुक्त पाणी एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत सोडले. तिची नाडी परतली, चेहऱ्यावर तजेला आला. परंतु पाणी थांबविल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्यास आले; हिंदुस्थानात त्यांचे नाव झाले ते मात्र तारायंत्रामुळे. त्याच कलकत्त्यात विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून अधिक तीव्र क्षारजल देऊन पटकीतील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. सलाईन म्हणजे मुळात हे मिठाचे पाणी. ते अंगाची तहान भागविते, भूक नव्हे.

भूक भागविण्याचे काम याहून कठीण होते. आपला हा उसाचा मुलूख. पण उसाची साखर शिरेत चालत नाही. १८४३ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी ती कुत्र्याच्या शिरेत घातली, तर ती जशीच्या तशी मूत्रावाटे बाहेर पडली. जठररसाने तिचे रूपांतर करून दिल्यावर मात्र ती शरीरात राहिली. शिरेला लागते ती द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज. ती माणसाला देण्याचे प्रयोग १८९६ मध्ये झाले. परंतु शिरेतून द्रव दिल्यावर रोग्यांना थंडी वाजून ताप भरे. याचे कारण ऊर्ध्वपातित पाण्यात राहिलेले जंतुजन्य विष होय, हे फ्लोरेन्स सीबर्ट यांनी १९२३ मध्ये उघड केले. रॉबर्ट एल्मन यांनी १९३७ पासून प्रथिनांचे घटक शिरेतून दिले. स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी १९६० च्या सुमारास सोयाबीनच्या तेलाचे, शिरेला सोसेल असे दुधासारखे मिश्रण तयार केले.

तरीही एक अडचण उरली. पुरेसे अन्न थोड्या पाण्यात मावायचे तर द्राव दाट हवा, आणि दाट द्रावाने हाताची शिर सुजून बंद होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डड्रिक यांनी यावर तोड काढली. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी सोडली, तर तेथल्या वेगवान रक्तात दाट द्राव तत्काळ मिसळून पातळ होतो. या मार्गाने त्यांनी कुत्र्याची पिले केवळ शिरेवर वाढविली. मग १९६७ मध्ये, आतडे जवळजवळ निकामी घेऊन जन्मलेल्या एका मुलीला असे अन्न दिले. झडत चाललेले ते मूल वजनाने व उंचीने वाढू लागले आणि सुमारे २२ महिने जगले. तोवर अशा बालकापुढे उपासमारीवाचून दुसरे भवितव्य नव्हते.

परंतु या जेवणाची किंमतही आहे. नळीवाटे जंतू थेट रक्तात शिरतात, दीर्घकाळ चालल्यास यकृत बिघडते. म्हणून आतडे चालत असेल तर अन्न आतड्यातूनच द्यावे, हा वैद्यकाचा नियम आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. ज्याचे आतडे बंद आहे, त्याच्यासाठी डॉक्टर शिरेतून अन्न द्या म्हणाले तर भिऊ नये. तीनशे वर्षांच्या खटपटीतून हाती आलेले ते संजीवन आहे. पण ज्याला गिळता येते, त्याच्या उशाशी बाटली टांगून आपण निश्चिंत होऊ नये. त्याच्यासाठी चुलीवर पेज ठेवावी.