भरतीची फीत आणि गिरणीतला माणूस

मँचेस्टर म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना धोतरजोडीवरचा छाप आठवतो. ज्या शहराच्या कापडाने आपले माग बसवले, त्या शहरातला कामगार तरी खाऊनपिऊन सुखी असेल, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. ती समजूत लष्करभरतीच्या एका आकड्याने मोडली.

१८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध जुंपले. मँचेस्टरात भरतीसाठी रांगा लागल्या. आर्नल्ड व्हाइट या लेखकाने १९०१ साली प्रसिद्ध केलेला आकडा असा की, सुमारे ११,००० तरुण पुढे आले आणि त्यांतले ८,००० डॉक्टरांनी तिथल्या तिथे परत पाठवले. कोणाची छाती भरेना, कोणाची उंची पुरेना, कोणाचे हृदय अशक्त, कोणाचे पाय सपाट. दातांचे तर विचारूच नका. रणांगणावर मिळायचे ते टणक बिस्किट आणि डब्यातले मांस. ते चावण्यापुरतेही दात नसल्यामुळे भरती झालेल्यांपैकीही कित्येकांना मागे पाठवावे लागले. लष्कराने तर मापच खाली आणले. १८८३ साली किमान उंची ५ फूट ३ इंच ठरली होती, ती या युद्धाच्या धामधुमीत ५ फुटांवर आली.

१९०२ च्या जानेवारीत मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. सैन्यात यायला तयार असलेल्या पाच माणसांपैकी दोन वर्षांनंतर शिपाई म्हणून उपयोगी पडतात ती दोनच, असा त्यांचा हिशेब होता. त्यावर विलायतेत एकच काहूर उठले. इंग्रज वंशच खालावला, रक्तच पातळ झाले, असे मोठमोठे विद्वान म्हणू लागले.

याला खरे उत्तर यॉर्क शहरातल्या एका चॉकलेट-कारखानदाराच्या मुलाने आधीच देऊन ठेवले होते. सीबम राउनट्री यांनी घरोघर माणसे पाठवून कामगारांची मिळकत आणि खर्च टिपून घेतला, आणि १९०१ साली तो पुस्तकरूपाने छापला. त्यांनी शाळेतल्या मुलांची उंची आणि वजनही घेतले होते. तेरा वर्षांची मुले घेतली, तर सर्वांत गरीब कामगारांची पोरे बऱ्या स्थितीतल्या कामगारांच्या पोरांपेक्षा सरासरी साडेतीन इंचांनी बुटकी आणि सव्वाअकरा पौंडांनी हलकी भरली. गाव एक, वंश एक. फरक होता तो आठवड्याच्या पगारात. आम्ही आयुष्यभर मजुरीचे तक्ते चाळले, पण मजुरी इंचांत मोजलेली त्या पुस्तकात प्रथम पाहिली.

सरकारने १९०३ साली सर आल्मेरिक फिट्झरॉय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९०४ साली आला. वंश खालावल्याचा पुरावा नाही, असे समितीने स्पष्ट सांगितले. दोष दाटीच्या चाळींचा, धुराचा, निकस अन्नाचा आणि अज्ञानाचा. भरतीला येतात ते बहुधा बेकार आणि उपाशी, तेव्हा त्यांच्यावरून सगळ्या राष्ट्राचे माप काढू नये, हेही तिने बजावले. (याच राज्यकर्त्यांनी त्याच सुमारास हिंदुस्थानात ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली होती. तिथे फीत छातीला लागण्याआधी जात विचारली जाई. विलायतेत टाकून दिलेला रक्ताचा सिद्धांत इथे मात्र राबवला गेला.)

शाळेतल्या उपाशी मुलांना जेवण घाला, अशी मागणी विलायतेतल्या कामगार संघटना आणि समाजवादी मंडळी आधीपासूनच करीत होती. तिला उत्तर मिळे की, अशाने आईबाप आळशी होतील. फीत आखूड पडली तेव्हा सरदार-सेनापतींनाही पोरांच्या पोटाची काळजी वाटू लागली. १९०६ साली पार्लमेंटात आलेला मुलांच्या जेवणाचा कायदा विल्यम विल्सन या मजूर पक्षाच्या सभासदाने मांडला. हा गृहस्थ मूळचा सुतार, आपल्या सुतारांच्या संघटनेतून वर आलेला. कायदा मात्र अर्धामुर्धा होता. ज्या नगरपालिकेची इच्छा असेल तिने खर्च करावा, सक्ती नाही. १९०७ साली शाळेतल्या डॉक्टरी तपासणीचा कायदा आला.

लोकरीच्या गिरण्यांचे गाव ब्रॅडफर्ड यात पुढे होते. १९०७ साली तिथे सुमारे चाळीस गरीब मुलांना काही आठवडे रोज जेवण देऊन त्यांची वजने घेतली. वजने भराभर वाढली. मध्ये सणाची सुट्टी आली, शाळा बंद, जेवण बंद. आणि पोरांचे वजन उतरले. शाळा उघडल्यावर पुन्हा वाढू लागले. आमच्या मते या विषयावर एवढा एक तक्ता पुरे आहे.

१९१४ साली मोठे युद्ध आले आणि फितीचा खरा स्वभाव कळला. ऑगस्टमध्ये माप ५ फूट ३ इंच. माणसे इतकी लोटली की बराकी आणि गणवेश पुरेनात. म्हणून सप्टेंबरात माप ५ फूट ६ इंच केले. ओघ आटला तसे नोव्हेंबरापर्यंत पुन्हा ५ फूट ३. माणसाचे शरीर तेच, नळाची तोटी मात्र सरकारच्या हाती! परत पाठवलेल्यांत खाणीतले कामगार होते. बुटके, पण खांद्याने भक्कम. कोळशाच्या बुटक्या थरात उंच माणसाचे काम नाही. बर्कनहेडचे पार्लमेंट-सभासद आल्फ्रेड बिगलंड यांनी त्यांच्यासाठी वेगळ्या पलटणीची परवानगी मिळवली. उंची ५ फूट ते ५ फूट ३ इंच, छाती मात्र नेहमीच्या मापापेक्षा इंचभर जास्त. लहानखुऱ्या झुंजार कोंबड्याच्या नावावरून लोक त्यांना ‘बँटम’ म्हणत. पहिले शिपाई चांगले निघाले. पुढे त्याच मापाखाली केवळ खुरटलेली पोरे येऊ लागली, आणि १९१७ च्या सुमारास तपासणी करून हजारावर माणसे काढून टाकावी लागली. काम करून घट्ट झालेला बुटका आणि उपासाने राहिलेला बुटका यांतला फरक फितीला कळत नाही.

युद्धाच्या शेवटच्या वर्षात, नोव्हेंबर १९१७ पासून, चोवीस लाखांवर तपासण्या झाल्या. दर नऊ माणसांत पूर्ण धडधाकट तीन, दोन कमी प्रतीचे, तीन जवळजवळ मोडकळीस आलेले आणि एक कायमचा रोगी, असा हिशेब निघाला. चांगली माणसे आधीच उचललेली होती हे खरे, तरीही. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सप्टेंबर १९१८ मध्ये मँचेस्टरलाच भाषण केले. तिसऱ्या प्रतीच्या प्रजेवर पहिल्या प्रतीचे साम्राज्य चालत नाही, असा त्याचा रोख होता. त्याच मुक्कामात ते स्वतः इन्फ्लुएंझाने आडवे झाले.

१९०७ साली ब्रॅडफर्डच्या पंगतीत जी मुले सात वर्षांची होती, ती १९१८ साली अठरा वर्षांची झाली. त्या वसंतात जर्मनांचा मोठा हल्ला आला, आणि परदेशी रणांगणावर पाठवण्याचे किमान वय एकोणीसवरून साडेअठरावर आणण्यात आले.