प्लगाची फट आणि कॉइलचा खर्च: एका ठिणगीचा इतिहास

वाशीममध्ये इतिहासावर बोलायचं म्हटलं की वत्सगुल्म आणि वाकाटक डोळ्यांसमोर येतात. आजचा विषय मात्र जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीचा आहे. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगच्या टोकाला ती असते. आज गॅरेजमध्ये ‘कॉइल गेली’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मात्र ‘प्लगात कचरा आला’ असं म्हणायचे. तक्रार प्लगावरून कॉइलवर कशी आली आणि त्यात आपला खर्च का वाढला, ते आज बघू.

सुरुवात जरा लांबून करतो. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारनं गॅसवर चालणारं इंजिन केलं आणि त्यातला वायू विजेच्या ठिणगीनं पेटवला. ठिणगीसाठी कॉइल लागते. कमी दाबाची वीज एका गुंडाळीतून सोडायची आणि झटक्यात तोडायची, की शेजारच्या हजारो वेढ्यांच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. तत्त्व आजही तेच आहे. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत बॉशच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनियरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा प्लग तयार केला.

आता एक गंमत बघा. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चार सिलिंडरला चार कॉइल होत्या, लाकडी डब्यांत बसवलेल्या. म्हणजे ‘प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल’ ही कल्पना नवी नाही. त्याच सुमारास अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंगनं दुसरी पद्धत बसवली. कॉइल एकच ठेवायची आणि फिरत्या रोटरनं तिची वीज पाळीपाळीनं चारही प्लगांना वाटायची. त्याच्या कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजेच डेल्को. आपले जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणायचे, तो शब्द इथून आलेला. डेटनच्या कंपनीचं नाव आपल्या गॅरेजमधलं सुट्या भागाचं नाव होऊन बसलं!

मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, दोन्ही याच पद्धतीच्या. आपल्याकडे एसटी, ट्रॅक्टर, काळी-पिवळी जीप ही सगळी डिझेलची दुनिया. तिथे प्लगाची ठिणगी नसतेच. प्लग घरोघरी पोचला तो लुना, चेतक आणि राजदूतमुळे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, त्यामुळे काजळी धरायची. डिकीत प्लग-पाना आणि पॉलिश पेपर ठरलेला. मालेगाव-मेडशीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तरी माणूस प्लग काढून घासायचा, फट बघायचा आणि पुन्हा किक मारायचा.

ही कटकट होती, पण त्या कटकटीतच कॉइलचं रक्षण होतं. कॉइल ठरावीक व्होल्ट देऊन थांबत नाही. फटीतून ठिणगी उडेपर्यंत दाब चढतच जातो. प्रत्येक ठिणगीबरोबर प्लगाच्या टोकाचा धातू कणाकणानं झिजतो, धार बोथट होते, फट वाढते. ओढा रुंद झाला की उडी मारायला लांबून धावत यावं लागतं, तसंच हे. फट वाढली की कॉइलला दरवेळी जास्त दाब द्यावा लागतो आणि तो ताण तिच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो. पूर्वी प्लग वारंवार बाहेर निघायचा, फट दुरुस्त व्हायची, म्हणून हा ताण साठत नव्हता. शिवाय जुनी कॉइल तेल भरलेल्या डब्यात, इंजिनच्या डोक्यापासून दूर बसवलेली असायची.

मग बदललं काय? पहिलं म्हणजे पेट्रोल. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोध १९२१ साली केटरिंगच्याच हाताखालच्या मिजलीनं लावला. त्या शिशाचे थर प्लगावर बसत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. वाशीम जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती; जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. हवेच्या दृष्टीनं हा बदल फार मोलाचा होता. प्लगही स्वच्छ राहू लागले, आणि म्हणून कोणी ते उघडून बघेनासं झालं.

दुसरं, डेल्को गेला. धुराचे नियम कडक झाले, ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला, आणि पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसली. म्हणजे फिरून आपण मॉडेल टीच्या चार कॉइलवर आलो! फरक इतकाच की आता ती थेट इंजिनच्या डोक्यावर, प्लगाच्या खोबणीत उष्णता सोसत बसते. गाडी गॅसवर चालत असेल तर ठिणगीला आणखी जास्त दाब लागतो.

आता खर्चाचं बोलू. साध्या प्लगांचा संच काही शे रुपयांत येतो. एका कॉइलला बऱ्याचदा त्याहून जास्त मोजावे लागतात. आणि मिसफायर होत असताना गाडी तशीच पळवली, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. ती जाळी वितळली की बिल हजारोंच्या घरात जातं. दिवसाला दोन फेऱ्या मारून हप्ता भरणाऱ्या माणसाला हा फटका महिनाभर पुरतो.

मिस्त्रीचं कामही बदललं. पूर्वी मजुरी जास्त आणि सुटे भाग कमी, आता उलट. स्कॅनर सांगतो की दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर आहे; दोष प्लगाचा की कॉइलचा, हे बहुधा सांगत नाही. जाणता मिस्त्री त्या कॉइलची शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करतो. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर आधी प्लग बघायचा. आणि झिजलेल्या प्लगावर नवी कॉइल बसवली, तर तोच ताण तिच्या वाट्याला येतो.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला सगळे प्लग एकदम बदला. इरिडियमचे प्लग पॉलिश पेपरनं घासू नका. त्यांचं टोक नाजूक असतं. लुनाच्या काळात गाडी बंद पडून आपल्याला प्लगाकडे बघायला लावायची. आजची गाडी तसं सांगत नाही, निमूटपणे कॉइलवर भार टाकत चालत राहते. ती आठवण आता आपणच ठेवायची आहे.