बियाण्याचे पैसे कुणाचे?

गेल्या जानेवारीत बॉस्टनजवळच्या एका सामुदायिक शेतावर माझा हिवाळी वाटा आणायला गेलो होतो. गाजरं, बीट, कोबी, बटाटे आणि पॉलिहाऊसमधला थोडा पालक. बाहेर गुडघाभर बर्फ, पण गाजरं साखरेसारखी गोड. थंडीत न गोठण्यासाठी गाजर आपल्यातल्या स्टार्चची साखर करतं म्हणे. पेटीत एक कागदही होता: येत्या हंगामाचं अंदाजपत्रक. बियाणं, खत, डिझेल, शेतकऱ्यांचा पगार. शेतकऱ्यानं स्वतःचा हिशेब खाणाऱ्यापुढे ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. ही रीत आली कुठून, ते शोधायला लागलो.

तिची अमेरिकेतली सुरुवात इथून फार लांब नाही. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, साऊथ इग्रेमॉन्टमध्ये, रॉबिन व्हॅन एन यांचं इंडियन लाइन फार्म होतं. स्वित्झर्लंडमधली सहकारी शेती पाहून आलेले यान व्हॅन्डर टुइन त्यांना 1985 मध्ये भेटले. त्या शरद ऋतूत त्यांनी आधी सफरचंदांचे 30 वाटे विकून पाहिले आणि 1986 मध्ये भाजीपाला सुरू केला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशरमध्ये टेंपल-विल्टन शेत स्वतंत्रपणे उभं राहिलं. तिथली पद्धत मला जास्त धीट वाटते. वर्षाचा खर्च सभेत मांडायचा आणि प्रत्येक कुटुंबानं ऐपतीप्रमाणे आकडा सांगायचा. बेरीज कमी पडली, तर पुन्हा एक फेरी. म्हणजे भाजीला किलोमागे दर नाहीच. लोक वर्षभराची शेती चालवण्याचा खर्च उचलतात. गारपीट झाली, तर पेटी सगळ्यांचीच हलकी होते.

माझे काका यवतमाळकडे कापूस लावायचे. मृगाआधी बियाण्याचे पैसे सावकाराकडून यायचे. पाऊस लांबला की दुबार पेरणी, आणि तिच्यासाठी पुन्हा कर्ज. त्यांच्या कापसाचे कपडे कुणीतरी घातलेच असतील, पण न पडलेल्या पावसाचा भुर्दंड एकट्या काकांनी भरला.

कापूस पेटीत घालून वाटता येत नाही, हे मला कळतं. वर्षाचे पैसे आगाऊ भरणं इथेही सगळ्यांना परवडत नाही. पण 1986 च्या त्या दोन शेतांनी एक जुना प्रश्न योग्य वेळी विचारला. पीक हाती आल्यावर सगळेच भाव विचारतात. यांनी हिवाळ्यात, जमीन रिकामी असताना, जोखीम कोण घेणार ते विचारलं.

रॉबिन 1997 मध्ये गेल्या. शेत मात्र विकासकाच्या हाती गेलं नाही. स्थानिक भूविश्वस्त संस्थेनं जमीन राखली आणि तिथे आजही भाजी पिकते.

मी कागदावर आकडा भरला. खाली एक ओळ होती: पीक कमी आलं तर पैसे परत मिळणार नाहीत. सही करताना काका आठवले. त्यांच्या कागदावर ही ओळ कुणासाठीच नव्हती.