जीप उंच करणे

जीप उंच करणे : जुन्या फोर-बाय-फोर गाडीची चॅसी तिच्या एक्सलपासून मूळच्यापेक्षा वर नेण्याचे काम, गॅरेजच्या बोलीत नुसते ‘लिफ्ट’. मोठे टायर बसावेत आणि खडकाळ वाटेवर गाडीचे नाक, पोट व शेपूट टेकू नये, हा यामागचा हेतू. अखंड एक्सलच्या गाडीत नुसत्या लिफ्टने डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून केसभरही वर जात नाही, कारण तो एक्सललाच जोडलेला असतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास २ इंचांनी वाढला की गोळा १ इंच उचलला जातो. लिफ्ट म्हणजे त्या टायरसाठी केलेली जागा. हे लक्षात न घेता खर्च करणारे पुष्कळ.

मुंबईतील दहिसर व आसपासच्या उपनगरांत ही हौस मुख्यतः महिंद्राच्या जुन्या जीप आणि मारुती जिप्सी यांच्या मालकांना असते. महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाअखेर माझगावात अमेरिकेतील विलिज कंपनीच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे दहिसरपासून जवळच, कांदिवली पूर्वेला, तिचा मोठा कारखाना उभा राहिला. विलिजने १९५३ मध्ये आणलेले उंच बॉनेटचे ‘सीजे-३बी’ हे मॉडेल महिंद्राने परवान्याखाली कित्येक वर्षे बनवले. जिप्सी १९८५ ची. दोन्हींच्या चारही चाकांना पाट्यांचे सस्पेन्शन आहे आणि पुढचा-मागचा एक्सल अखंड आहे. म्हणूनच हे काम घरी करण्याजोगे ठरते. २०१० च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आले. तिचे गणित वेगळे.

काम सुरू करण्याआधी माप घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की जुन्या गाडीत बहुधा दोन गोष्टी दिसतात : मागची बाजू बसलेली आहे आणि ड्रायव्हरची बाजू दुसरीपेक्षा खाली आहे. पाट्यांची कमान वर्षानुवर्षांच्या ओझ्याने सपाट होते. अशा वेळी मालकाला हवी असलेली उंची बऱ्याच अंशी मुळात गाडीचीच असते, आणि ती नव्या पाट्यांनी परत मिळते. महामार्गालगत ट्रकचे पाटे ठोकणारे कारागीर जुन्या पाट्यांनाही कमान देऊन देतात, पण भट्टीत तापवून नीट पाणी न दिलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. जादा पाटा घालणे स्वस्त पडते. मात्र रिकामी गाडी मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर पाठीचा कणा मोजते.

लांब शॅकल हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा उपाय. पाट्याचे एक टोक चॅसीला पक्के असते आणि दुसरे शॅकल या झुलत्या दुव्याने जोडलेले, त्यामुळे शॅकल २ इंच लांब केली तर एक्सलपाशी उंची १ इंचच मिळते. शिवाय या गाड्यांत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांबली की एक्सल पुढे झुकतो, कॅस्टर कोन घटतो आणि वळल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येईनासे होते. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचर घालून कोन सुधारता येतो, पण मग पिनियनचे तोंड खाली जाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो.

परदेशी व्हिडिओ पाहून लोखंडी ठोकळे मागवणाऱ्यांची वेगळीच फजिती होते. सीजे-३बी आणि जिप्सीत पाटा एक्सलच्या खालून जातो. दोहोंमध्ये ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येते. पाटा एक्सलच्या वर नेल्यास सुमारे ५ इंच उंची एका फटक्यात मिळते, पण त्यासाठी एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि स्टिअरिंगचे दांडे फिरवून घ्यावे लागतात. हे घरच्या घरी करू नये. साधारण २ इंचांपर्यंतचे काम घरचे, हा प्रस्तुत नोंदीचा कौल.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिली अडचण जमिनीची. पेव्हर ब्लॉकवर जॅक एका कडेने खचतो, म्हणून खाली जाड फळी हवी. चॅसी घोड्यांवर ठेवावी आणि एक्सल जॅकवर. विटांवर गाडी ठेवून तिच्याखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. एका वेळी एकच एक्सल सोडावा. खाडीच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचे यू-बोल्ट क्वचितच सुटतात. आदल्या रात्री रॉकेल सोडून पाहावे, न सुटल्यास ग्राइंडरने कापावेत. जुने यू-बोल्ट तसेही पुन्हा वापरू नयेत. नवा पाटा चढवताना सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतील भोकात बसले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. ते अर्धवट बसले असेल तर यू-बोल्ट कितीही आवळले तरी एक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळ्यावर पुन्हा एकदा पाना फिरवावा.

उंचीबरोबर ब्रेकचे होज, शॉकअब्सॉर्बर आणि बंपस्टॉप यांची लांबीही पाहावी लागते. चाक पूर्ण लोंबकळले असता होज ताणला जात असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नये. हेडलाइट खाली वळवून घ्यावेत. टायर मोठा असल्यास स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी जास्त कलते, आणि आधीच अरुंद असलेल्या जीपच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

कायदा या हौसेला अनुकूल नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जीर्ण पाटे मूळ मापाच्या नव्या पाट्यांनी बदलणे ही मात्र दुरुस्ती होय. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. त्यामुळे जुनी जीप बाळगणाऱ्याची निरीक्षकाशी गाठ पडतेच. गाडी मूळ स्थितीत परत आणावी लागू शकते, म्हणून काढलेल्या शॅकल व शाबूत पाटे भंगारात देऊ नयेत.